मोठं पापलेट

लहान मासे अंडी घालण्याआधीच पकडले जातात, म्हणून समुद्रात पापलेटं कमी झालीत, अशी बातमी सकाळी वाचली आणि माझं डोकंच सणकलं. तशीच पिशवी उचलून दादरच्या मासळी बाजारात गेले आणि आमच्या नेहमीच्या कोळणीला सुनावलं, "मावशी, ही तळहाताएवढी पिल्लं विकायला लाज नाही वाटत तुला?"

मावशीने शांतपणे माशांवर पाणी शिंपडलं. "आणि दर रविवारी 'ताटात अख्खं मावेल असं दे' म्हणून कोण मागतं गो? मी?"

मीच मागायचे. घरात आम्ही पाच जण. माणशी एक अख्खं तळलेलं पापलेट वाढलं, की मधली तुकडी कोणाला यावरून भांडण नाही. एवढ्याशा शांततेसाठी मी वर्षानुवर्षं पाच-पाच पिल्लं आणत होते.

गुमान एक मोठं पापलेट घेतलं. ते कापताना मावशी हसली. "जा, आता भांडा."

भांडलो की! दोन्ही मुलींनी मोबाइल बाजूला टाकून मधल्या तुकडीवर हक्क सांगितला. मलाच का शेपटी, म्हणून नवराही मध्ये पडला. मी समुद्रावर भाषण सुरू केलं, ते कोणी ऐकलं नाही. इतका गलका झाला, की शेजारीण डोकावून गेली.

सगळे दमून गप्प झालो, तेव्हा सासूबाई ताटाच्या कडेला काटे लावत होत्या. मधली तुकडी संपली होती.

"पुढच्या रविवारीपण मोठंच आण हां," त्या म्हणाल्या.