फिरकीच्या तांब्यातून सोलापूरला गेलेला समुद्र

"ओतू नका! थांबा! तो समुद्र आहे!"

मंगळवेढ्याच्या पुढे रस्त्याच्या कडेला मी असा ओरडलो, की बाभळीवरचे बगळे थेट कर्नाटकात जाऊन बसले असतील. आमच्या बसच्या रेडिएटरमधून वाफेचा खांब आभाळाला टेकला होता आणि ड्रायव्हरमामा माझा कॅन त्यात उपडा करणार होते.

"पाणीच हाय की!"

"रत्नागिरीचं आहे. खारं!"

मामांनी बोट बुडवून चाटलं आणि थुंकले. "आयला! गाडीचं लोणचं झालं असतं की!"

पण ओढाताणीत कॅन दगडावर आपटून चिरला. समुद्र मातीत चालला.

आता तुम्हाला सांगायलाच हवं. माझ्या काखेतल्या थर्मासमध्ये एक काचेची नळी होती. तिच्यात आपल्या खाडीतल्या एका कालवाच्या आतड्यात सापडलेला जिवाणू होता. महाराज असे लाडावलेले, की बाटलीतलं मीठ पाण्यात विरघळवून दिलं तर रुसून मरायचे. आपल्याच समुद्राचं पाणी हवं. कॉलेजचा फ्रिज बंद पडून त्यांचं बाकी सगळं खानदान संपलं होतं. सोलापुरात माझी मैत्रीण वैशाली तिच्या प्रयोगशाळेत त्यांना वाढवून ही नवी जात आहे का, ते ठरवणार होती. पाणी गेलं म्हणजे महाराजही गेले, आणि माझ्या संशोधनाची चार वर्षंही.

"आता हा मरणार!" म्हणत मी थर्मास छातीशी धरला, तशा मागच्या सीटवरच्या गंगव्वाआजी खाली उतरल्या. दुधनीच्या. "तम्मा, जित्तं हाय व्हय त्यात?" त्यांच्या कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ.

"हो, आजी."

"मग बघत काय बसलाईस?"

त्यांनी आपल्या स्टीलच्या फिरकीच्या तांब्यातलं पिण्याचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं आणि रिकामा तांब्या माझ्या हातात दिला. कॅनमध्ये उरलेलं मी त्यात भरलं. ते पाहून अख्ख्या बसनं बाटल्या बाहेर काढल्या. सोलापूरच्या उन्हात पिण्याचं पाणी देणं म्हणजे काय, ते आपल्याला कोकणात बसून कळायचं नाही. तिथं सावलीसुद्धा गाडीखाली लपते!

पुढे आजींनी मला कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली. स्वतः खाल्ली नाही. "भूक न्हाय," म्हणाल्या. ओठ पार सुकले होते.

सोलापुरात वैशालीनं ते पाणी गाळलं, निर्जंतुक केलं, त्यात खाद्य मिसळलं. काही दिवसांनी बशीत नारिंगी ठिपके उगवले. मी असा नाचलो, की खालच्या मजल्यावरचे पंखे हलले! मग तिनं त्याची जनुकं वाचली, माहितीतल्या सगळ्या जिवाणूंशी ताडून पाहिली. महाराज जवळच्या भावकीतही बसेनात. जात नवी!

परतायच्या आधी मी दुधनी गाठली. माझ्या कामाला जगातल्या सगळ्या यंत्रांपेक्षा एका तहानलेल्या बाईचा तांब्या उपयोगी पडला, हे तिला सांगितल्याशिवाय घाट उतरणं मला जमलं नसतं. अंगणात उभा राहून मी भाषण ठोकलं: "आजी, हा जीव जगात कुणाला ठाऊक नव्हता. तुमच्यामुळं तो जगला!" आणि दोन्ही हातांनी तांब्या पुढे केला.

आजींनी फिरकी उघडली. आत नाक घातलं.

"घासला न्हाईस व्हय?"