सांगलीच्या प्रतीतली जास्तीची नोंद

जानेवारीतला शेवटचा शनिवार, सकाळचे अकरा. ठिकाण : साताऱ्यातली आमची रक्तपेढी. हजर : मी, म्हणजे इथली व्यवस्थापक, टेक्निशियन शिंदे, आणि फोनवर, सांगलीच्या शाखेतून, आमचा डेटाबेस सांभाळणारे मुल्ला.

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आमची गाडी मी अमावस्येला घरी आणली, सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. लोकांचे असे अनुभव मी चहाबरोबर वाचायचे आणि हसायचे. आता स्वतःच लिहायला बसलेय...

आधी व्यवस्था सांगते, म्हणजे गोंधळ नको. रक्तदात्यांच्या सगळ्या नोंदी साताऱ्याच्या सर्व्हरवर असतात. त्यांची हुबेहूब प्रत सांगलीच्या सर्व्हरवर. इथे नोंद केली की दोन-तीन सेकंदांत तिकडे उमटते. उद्या साताऱ्यात आग लागली, पाणी शिरलं, तर सांगलीवरून काम चालू ठेवायचं. पण तोवर त्या प्रतीत फक्त वाचता येतं. लिहिता येत नाही — कुणालाच नाही.

त्या दिवशी सराव होता. सातारा मुद्दाम बंद करायचं आणि सांगलीवर काम चालतं का बघायचं. सात कामांची यादी माझ्यासमोर होती. पहिलं काम : दोन्हीकडच्या नोंदी मोजणे.

"मॅडम, माझ्याकडे एक जास्त आहे," मुल्ला म्हणाले.

"कमी म्हणायचंय का तुम्हाला?"

"कमी असती तर फोनही केला नसता. प्रत मागे राहते, मॅडम. पुढं कशी जाईल?"

मी ती नोंद वाचून दाखवायला सांगितली. दाता : निवृत्त हवालदार (नाव देत नाही), गाव पाटणजवळचं, मोबाइल नंबर, रक्तगट बॉम्बे. रक्तदानाची तारीख — आजची. वेळ दुपारी दोन पंचवीस. नोंद करणारा कर्मचारी : मी.

घड्याळात अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. मुल्लांनी दोन्ही सर्व्हरची घड्याळं तपासली. बरोबर होती.

"बिघडलीय प्रत," ते म्हणाले. "पुसतो आणि नव्याने घेतो. दोन तासांचं काम."

मी हो म्हणणार, तेवढ्यात जवळच्या हॉस्पिटलचा फोन आला. बाळंतीण, माण तालुक्यातली, रक्तस्राव थांबत नाही, गट बॉम्बे. या गटाच्या माणसाला दुसऱ्या कुणाचंच रक्त चालत नाही, अगदी ओ सुद्धा नाही. आमच्या यादीत असे दोनच दाते होते. एकाने महिन्यापूर्वीच रक्त दिलं होतं, दुसरे दुबईला. पुण्याला विचारलं, कोल्हापूरला विचारलं. नाही.

त्या मुलीची सासू मागणीचा कागद घेऊन आमच्या बाकावर येऊन बसली. मी म्हटलं, प्रयत्न चालू आहेत.

"आवं बाई, मिळंल का न्हाई त्ये सांगा. उगं धीर दिऊ नका. तिची आई माझ्या भरवशावर घरी थांबलीया."

मी मुल्लांना पुसणं आणि सराव दोन्ही थांबवायला सांगितलं आणि तो मोबाइल नंबर मागितला.

"मॅडम, नसलेल्या माणसाला फोन लावताय?" शिंदे म्हणाले. "लागला तर माझाही नमस्कार सांगा."

लागला. दुसऱ्याच रिंगला.

"व्हय, हवालदारच बोलतोय. पन माझा नंबर तुमाला कुनी दिला?"

काय सांगणार? म्हटलं, यादीत मिळाला. तुमचा गट बॉम्बे आहे का?

"हाय की. फौजेत असताना कळलं. घरी आल्यापास्नं कुनी इचारलंच न्हाई." मग म्हणाले, "बाई जगंल का?"

"तुम्ही आलात तर आशा आहे."

"मग बोलत काय बसलाय? निघालो मी."

पुतण्याच्या मोटारसायकलवर ते एकच्या सुमारास पोहोचले. आमच्याकडे नियम कडक आहे — माणूस समोर आल्याशिवाय, तपासून पात्र ठरल्याशिवाय, फॉर्मवर सही झाल्याशिवाय नोंद करायची नाही. आगाऊ तर कधीच नाही. वीस वर्षांत मी तो मोडलेला नाही. हवालदारांचा रक्तदाब, हिमोग्लोबिन, गटाची खात्री, सगळं झालं.

मी मनाशी ठरवलं होतं, ही नोंद आपण करायची नाही. शिंदे करतील, तेही तीननंतर. मग ती सकाळची नोंद आपोआप खोटी ठरेल आणि मला झोप लागेल.

पण पिशवी भरत आली तसे शिंदे आतून ओरडले, "मॅडम, नोंद टाका! नंबराचं लेबल निघाल्याशिवाय पिशवी तपासणीला जात नाही. माझ्या हातात ग्लोव्हज आहेत!"

बाकावरची सासू माझ्याकडे बघत होती. मी बसले, टाइप केलं, सेव्ह दाबलं. मग घड्याळाकडे पाहिलं.

दोन पंचवीस.

मिनिटभरात मुल्लांचा फोन. आवाज अगदी बारीक. "मॅडम... आता दोन्हीकडं सारखं आहे. नवीन काही आलंच नाही इकडं. तीच सकाळची नोंद आहे."

बाळंतीण वाचली. हवालदार चहा-बिस्कीट खाऊन गेले. सासूने जाताना माझा हात बराच वेळ धरून ठेवला, म्हणाली, "तुमी शोधून काढलं." मी मान हलवली. खोटं बोलल्यासारखं वाटलं.

मुल्लांनी सर्व्हरवर काय कधी घडलं याचे सगळे लॉग चाळले. बाहेरचा एक इंजिनिअरही बोलावला. तो म्हणाला, सकाळी मोजण्यात चूक झाली असेल. मग नंबर कुठून आला, विचारल्यावर बिलाचं बोलू लागला.

मुल्लांचं म्हणणं रास्त आहे : जी प्रत अशी वागते, तिच्यावर संकटाच्या दिवशी भरवसा कसा ठेवायचा? ती पुसून नवी घ्यायलाच हवी. मंजुरीचा कागद माझ्या टेबलावर आहे, फक्त सही राहिलीय. दर सोमवारी ते विचारतात. मी दोनदा पेन उचललं. दोन्ही वेळा बाहेरच्या बाकावर कुणीतरी मागणीचा कागद हातात घेऊन बसलेलं होतं...

त्या शनिवारच्या सरावाची इतर सगळी कामं पुढच्या महिन्यात उरकली. नंतर वाढवलेलं आठवं तेवढं राहिलंय : सांगलीची प्रत पुसणे.