उसाच्या पातीनं घासलेलं कापड

फ्लीसच्या उबदार कापडाच्या नव्या ताग्याचा वास आला की तेलगावचं ते कापडदुकान आठवतं. ऊसतोडीला निघण्याआधी आम्ही बाया लेकरांसाठी जाकिटं शिवणार होतो. मी एकेक कापड गालाला लावून सगळ्यात मऊ ते निवडलं, पण दुकानदार काही ते मापेना. रस्त्यापलीकडच्या उसातून त्यानं वाळलेली पात आणली, कापडावर घासली, तसे मऊ कापडाचे धागे ओढून निघाले. "लेकरं फडात खेळणार हायेत, ताई. हे न्हाई टिकायचं," म्हणत त्यानं घट्ट विणीचं, जरा खरबरीत कापड पुढं केलं. आज थोरलीचं तेच जाकीट घालून धाकटी कुरकुरते, "आई, लई टोचतंय." टोचू दे म्हणते, आणि मनातल्या मनात त्या दुकानदाराला हात जोडते.