वहिनीची दोन कार्डं

माझा दादा स्क्रीन फोडायचा. राग आला की बायको आणि स्क्रीन, हे ठरलेलं. कधी आधी बायको, कधी आधी स्क्रीन. तो क्रेन चालवतो. मोठमोठे लोखंडी खांब अलगद उचलून अलगद ठेवतो आणि घरी आला की वहिनीची हाडं खिळखिळी करतो. सख्खा भाऊ आहे म्हणून मी शब्द मवाळ करणार नाही.

वहिनीचं काम मोठं गमतीचं. ज्यांचा अजून पायाही खणलेला नाही अशा इमारतींच्या आत ती माणसांना फिरवून आणते. सकाळचं ऊन खोलीत कुठवर येईल, जिन्याखाली किती अंधार राहील, हे सगळं कॉम्प्युटरवर खरं वाटेल असं दाखवायचं. आर्किटेक्ट लोक तिच्यावर खूश असतात. दादाला मात्र एवढंच दिसायचं, की बायको आपल्याकडे न बघता त्या काचेकडे बघते.

पण दादा ज्याला कॉम्प्युटर समजून फोडायचा तो नुसता पडदा होता. खरा कॉम्प्युटर म्हणजे टेबलाखालचा मळकट पत्र्याचा डबा. तो विजेचा काहीतरी डबा आहे आणि हात लावला तर शॉक बसतो, अशी दादाची ठाम समजूत. ती वहिनीने जिवापाड जपली होती. स्क्रीन फुटली की ती हंबरडा फोडायची, "संपलं हो माझं सगळं!" मग दादाचं समाधान व्हायचं आणि तो जेवायला बसायचा. मी कॉम्प्युटर जोडून द्यायच्या दुकानात कामाला आहे. गिऱ्हाइकांनी टाकलेल्या जुन्या स्क्रीन मी वहिनीसाठी बाजूला काढून ठेवायचे. एक फुटली की दुसरी लावायची. तिचं मनगट मोडलं, बरगडी मोडली, पण काम एकदाही बुडलं नाही. आम्ही दोघी त्यावर हसायचोसुद्धा. नाही हसणार तर काय करणार?

"निघ इथून," मी दर वेळी सांगायचे. ती म्हणायची, "मोठं काम हातात आलं की निघते. कुणाच्या दारात उभी राहायला नको मला."

ते काम आलं. अख्ख्या इस्पितळाची फिल्म. जुन्या डब्यात तेवढा दम नव्हता. नवं मशीन जोडणं भाग होतं, आणि ते बिघडून काम बुडालं तर पुन्हा असं काम कुणी देणार नव्हतं.

वहिनी दुकानात आली तेव्हा तिचा डावा डोळा सुजून मिटला होता. एका डोळ्याने ती चित्रं तयार करणारी ग्राफिक्स कार्डं बघत होती. मी म्हटलं, "एकच मोठं घे. जास्त मेमरीचं. दोन घेतलीस तरी मेमरीची बेरीज होत नाही, अख्खं इस्पितळ प्रत्येकात वेगळं मावावं लागतं."

"मावतं. मी बघितलंय. मध्यम ताकदीची दोन दे."

"अगं पण का?"

"दोघं काम वाटून घेतात. आणि एकाला काही झालं तर दुसरं चालू राहतं. एकावर भरवसा ठेवून बघितलाय मी."

मी दोन कार्डं काढून ठेवली. मग ऑपरेटिंग सिस्टिमवरून जुंपली. तिला लिनक्स हवं होतं. मी म्हटलं नेहमीची टाक, लिनक्समध्ये कार्डं चालवणारे ड्रायव्हर बसवताना रडशील. ती म्हणाली, "रडायचं मला काय सांगतेस! मला फक्त असं मशीन हवंय जे फिल्मची चित्रं रेंडर होत असताना मला न विचारता बंद होणार नाही. न विचारता चालू होणारं आणि न विचारता बिघडणारं एक माणूस आहे घरात, तेवढं पुरे." दुकानातलं एक गिऱ्हाईक खो खो हसलं. तिच्या डोळ्याकडे लक्ष गेलं आणि ते घाईने वायरी बघायला लागलं.

बाहेरचा डबा, म्हणजे कॅबिनेट, मी साधं पत्र्याचंच काढलं होतं. तिने काचेचं मागितलं. मी चिडलेच. "डोकं फिरलंय का तुझं? आत दिवे लागतात त्यात!"

"लागू देत. आत काय चाललंय ते मला दिसायला हवं, मेकॅनिक. आयुष्यात एक तरी गोष्ट मला हवी तशी घेऊ दे."

मला ती मेकॅनिक म्हणते. मी तिला नाही म्हणू शकले नाही.

दादा कामावर असताना दुपारी आम्ही मशीन तिच्या घरी नेलं. एक कार्ड बसवलं, लिनक्स टाकलं, ड्रायव्हर पहिल्या फटक्यात लागला. काचेच्या आत पंखे निळे झाले आणि वहिनी लहान मुलीसारखी टाळ्या वाजवायला लागली. दुसरं कार्ड खोक्यातून काढून तिने टेबलावर ठेवलं होतं. तेवढ्यात दार उघडलं. क्रेन बिघडली म्हणून दादा लवकर आला होता.

तो उभा राहून बघत राहिला. निळ्या डब्याकडे, मग डब्यातून स्क्रीनकडे जाणाऱ्या वायरीकडे. इतकी वर्षं जे त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते काचेने त्याला दाखवून दिलं.

"म्हणजे हे आहे होय," तो हसत म्हणाला. "दोघींनी मिळून मला येडा बनवला."

त्याने वहिनीचे केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं. एकदा नाही. मी मध्ये पडले तर माझ्या पोटात लाथ बसली आणि माझा श्वासच अडकला. मग त्याने स्टूल उचललं आणि कॅबिनेटवर घातलं. काचेचा नुसता चुरा झाला. आत पंखे फिरतच होते. त्याने हात घालून कार्ड धरलं आणि ओढलं.

"हात लावू नकोस!" वहिनी ओरडली. लग्न झाल्यापासून तिने त्याला 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती.

टेबलावरचं दुसरं कार्ड तिने दोन्ही हातांनी उचललं. विटेएवढं जड असतं ते, कडा धातूच्या. कार्डाची कड दादाच्या मनगटावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. तो वळला तेव्हा दुसरा घाव तोंडावर बसला. दात आणि रक्त फरशीवर पडलं. तो खाली कोसळला तरी तिचा हात पुन्हा वर गेला होता. मी कशीबशी उठून तिला मागून मिठी मारली. पण खरं सांगते, त्या क्षणी मला आनंद झाला होता.

पोलिसांना फोन मीच केला. दादाला त्यांनी इस्पितळात नेलं, ते कार्ड पिशवीत घालून पुरावा म्हणून नेलं. चौकीत इन्स्पेक्टर बाईंनी वहिनीला विचारलं, "इतकी वर्षं मार खाल्लात, कधी हात उचलला नाहीत. आणि आज एका मशीनसाठी?"

"मनगट मोडलं तेव्हा मी दुसऱ्या हाताने काम केलं," वहिनी म्हणाली. "ते मोडलं असतं, तर मरेपर्यंत याच्याच घरात राहावं लागलं असतं."

बाईंनी ते लिहून घेतलं. मग माझा जबाब झाला. पहिला हात कुणी उचलला, आणि आजवर कितीदा, ते सगळं मी सांगितलं. भावाविरुद्ध सही करताना मला रडू आलं. लहानपणी त्याने मला खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं. सही केली.

पोलिसांनी वहिनीला जाऊ दिल्यावर मशीन आम्ही माझ्या खोलीवर आणलं. काच नाही, कार्ड एकच, पण ते चाललं. मी टेबल लावायला घेतलं, तर वहिनीने ते उलटं फिरवायला सांगितलं. तिकडच्या घरी ती कायम दाराकडे तोंड करून बसायची, म्हणजे कोण येतंय ते दिसायचं. खिडकी मागे असल्यामुळे स्क्रीनवर चकाकी यायची, पण इलाज नव्हता. इथे ती खिडकीकडे तोंड आणि दाराकडे पाठ करून बसली आणि इस्पितळाचा पहिला व्हरांडा उघडला.

"अगं," ती म्हणाली, "असे दिसतात होय माझे रंग."