पुढल्या गणपतीची नायिका

“पुढल्या साली बिलकुल करू!” असं म्हणून आमचे अध्यक्ष मांडीवर थाप मारत. जालन्याच्या मस्तगडात त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि आमच्या नाटकमंडळीचं अध्यक्षपद कायमचं त्यांच्याकडे होतं. असा एखादा अध्यक्ष तुम्हीही पाहिला असेल. नवी कल्पना वर्षभर लांब असली की त्यांना ती अप्सरा वाटे; आठवड्यावर आली की तिचे सगळे दात पडलेले दिसत.

मुलींच्या शाळेतल्या एक बाई दिवाळीत त्यांना म्हणाल्या, “काका, नायिका मी करते. बाईचं काम बाईनं करावं.” तोवर आमची नायिका म्हणजे मिशी उतरवलेला एक कारकून. अध्यक्ष खूश! “वाहवा! सगळं जालना बघत राहील. पुढल्या गणपतीत तुम्हीच!”

श्रावण लागला तशी थाप थांबली. “बाई, मांडवाला दार एकच हाय. लुगडं बदलायला जागा न्हाई. अन् पाऊस आला, मंग?” जणू पाऊस कारकुनाला भिजवत नव्हता. कारकुनाने मिशी उतरवली. पुढच्या वर्षीही तेच.

तिसऱ्या वर्षी बाईंची तीर्थपुरीला बदली झाली. आता हाच गणपती. बाई जन्मात एकदा तरी रंगमंचावर उभ्या राहणार की नाही, एवढाच प्रश्न होता. बदलीचं आम्ही अध्यक्षांना कळू दिलं नाही. “यंदा कारकूनच,” आम्ही म्हणालो, “बाईंचं पुढल्या साली बघू.” मोठ्या मनाने त्यांनी लगेच परवानगी दिली.

नाटकात अर्थातच बाई उभ्या राहिल्या. कारकून पडद्यामागे मिशीला पीळ देत बसला. पहिल्या रांगेतून अध्यक्ष शेजाऱ्याला सांगत होते, “पोरगं यंदा लई सुधरलं!” शेवटच्या अंकात बाई रडल्या तेव्हा सगळा मांडव रडला. अध्यक्षसुद्धा.

पडदा पडल्यावर त्यांना खरं कळलं. आम्ही शिव्या खायच्या तयारीने उभे. ते बाईंपुढे आले, उपरण्याने डोळे पुसले.

“बाई, उद्या परत करा! मांडव राहू द्या. दुसरं दार मी काढून देतो. लुगडी माझ्या दुकानातनं घ्या. पाऊस आला तर येऊ द्या की!”

दोन वर्षांच्या अडचणी एका दमात मिटल्या.

“काका,” बाई म्हणाल्या, “माझी बदली झाली. सकाळच्या मोटारीनं चाललेय मी.”

त्या माणसाचा मला अजून राग येतो, आणि मायाही तितकीच वाटते. पुढचा गणपती त्यांनी पाहिला नाही. मला ते आठवतात ते त्या सकाळचे. बाईंची ट्रंक टपावर चढली होती आणि अध्यक्ष ड्रायव्हरची खिडकी धरून उभे होते.

“अरे, एक दिवस थांबव ना मोटार,” ते म्हणत होते. “आजच करायचंय आमाला.”