‘व्हय म्हाराजा’ म्हणणारा वर्ग

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाकऱ्या भाजत होते. पलीकडून त्यांच्या भाचीचा आवाज, "नलूबाई गेली गो…" त्याला आता महिना उलटून गेला. रडायचं ते रडून झालं. आता राहिलाय तो राग, आणि तो लपवायचा माझा अजिबात विचार नाही.

राग शोकसभेपासूनचा. मालवणजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत नलूबाईंनी आयुष्यभर मराठी शिकवलं. मी त्यांची विद्यार्थिनी, आणि आता त्याच शाळेत शिकवते. सभेत आमचे नवे मुख्याध्यापक म्हणाले, "बाई अत्यंत शांत, मृदू स्वभावाच्या होत्या. त्यांनी कधी कुणाचं मन दुखावलं नाही." अहो, कुठल्या बाई? आमच्या बाई तर बांगडे घेतानासुद्धा भांडायच्या! गेलेल्या माणसाला असं इस्त्री करून ठेवलं की माझं डोकं फिरतं. वर सर म्हणाले, निवृत्तीनंतरही बाई दर गुरुवारी येऊन घ्यायच्या तो वाचनाचा तास आता बंद, त्या वेळात परीक्षेचा सराव. टाळ्या पडल्या नाहीत एवढंच.

हा तास म्हणजे काय, ते सांगायला हवं. मी शाळेत असताना आम्हाला एका लेखकाच्या लहानपणीच्या आठवणींचा धडा होता. आमच्यातला एक जण तो मोठ्याने वाचत होता, आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबत होता, देवळात गाऱ्हाणं घालणारा लोकांच्या होकारासाठी थांबतो ना, अगदी तसा. झालं! सगळ्या वर्गाच्या तोंडून आपसूक निघालं, "व्हय म्हाराजा!" जन्मापासूनची सवय ती, देवासमोर काय आणि धड्यासमोर काय. आम्ही जिभा चावल्या, आता मार बसणार. बाई मात्र इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. मग म्हणाल्या, "आता ह्यांच करायचा. पटला तर व्हय म्हणा. नाय पटला तर गप बसा. पन गप कशाक बसलात, ता माका सांगूक होया." त्या दिवसापासून आम्ही लेखकाचं लहानपण असं वाचायला लागलो. ‘गरिबीतही आम्ही सुखी होतो’ या वाक्याला वर्ग गप्प. का रे? तर म्हणे, उपाशी झोपलेलो पोरगो असा म्हणाचो नाय, ह्या मोठेपणी सुचलेला. बाईंना हेच हवं होतं. आठवण कोण सांगतंय, कुठल्या वयातून सांगतंय, काय गाळतंय… गाइडात याचं उत्तर एका ओळीत असायचं, ‘लेखकाचे बालपण रम्य होते.’ बाई त्या ओळीवर थुंकायच्या तेवढ्या बाकी राहायच्या.

मग आमची पाळी. आपापली आठवण सांगायची. मी उभी राहिले आणि आईने केलेल्या लाडवांचं गोड गोड वर्णन केलं. वर्ग गप्प. मला रडू फुटायचं बाकी होतं. बाई म्हणाल्या, "लाडू खाल्लंस ता बरा झाला. आता खरा सांग." आणि काय झालं कोण जाणे, मी बोलून गेले, "आयेचे हात काजूचे बियो फोडून सोललेले. म्हणान ती माझी येणी घाली नाय. माका वाटायचा, तिका मी नकोच." मागच्या बाकावरून हळूच आलं, "व्हय म्हाराजा." मग सगळ्यांकडून. मला आयुष्यात त्याहून मोठं बक्षीस मिळालेलं नाही.

एकदा तपासणीला आलेले साहेब वैतागले. ही कसली भाषा, पोरं अशुद्ध बोलतात. बाईंनी पदर खोचला. "साहेब, शुद्ध मराठीत पोरं पाठांतर म्हणतात. आधी खरं बोलू देत, शुद्ध मी लिहून घेते." आणि घ्यायच्याच. आमच्यापैकी कुणाचंही लेखन कच्चं राहिलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

तर सभेनंतर मी सरांकडे गेले. "सर, गुरुवारचा तास मी घेणार." वेळापत्रकात बसत नाही म्हणाले. म्हटलं, मग शाळा सुटल्यावर घेते. थांबतंय कोण, म्हणाले. अख्खा वर्ग थांबला! मी मुलांना सांगितलं, आज बाईंची आठवण सांगा. रुक्मिणी उठली. तिचे वडील होडीवर जातात, बोलणं तसंच रोखठोक. "बाई माका सगळ्यांसमोर वरडली. माका राग इलो. तो अजून गेलो नाय. आनि आता खंयच्या बाईवर काढू?"

"व्हय म्हाराजा!" एवढ्या जोरात की कौलं हलली असतील. सर धावत दाराशी आले. "ही काय श्रद्धांजली झाली?"

"हीच," मी म्हटलं. "या, बसा. आता तुमचं लहानपण सांगा."

पोरांनी सरकून बाकावर जागा केली. सर उंबऱ्यातच उभे राहिले. मग घड्याळ बघत निघून गेले. जाऊ देत. पोरं काही परत पसरून बसली नाहीत, ती जागा मोकळीच ठेवली.