जावईबापूंची काळी बिअर

नाताळच्या आधीच्या शनिवारी शेजारीपाजारी माझी बिअर चाखायला आमच्या स्वयंपाकघरात जमले होते. सिव्हर्टनं लाकडी वाडगा तोंडाला लावला, खाली ठेवला आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला. मग म्हणाला, "काळी आहे."

आमच्या भागात बिअर चांगली झाली तर लोक 'वाईट नाही' म्हणतात. फारच उत्तम झाली तर कुणी काही बोलत नाही, वाडगा परत पुढे करतात. पण नुसतं 'काळी आहे' हे मी इतक्या वर्षांत कुणाच्याही बिअरबद्दल ऐकलं नव्हतं. तो मान माझा.

मी ऑडमुन, रिटायर झालेला बसड्रायव्हर. जन्म बर्गनचा, म्हणजे जिथं कायम पाऊस पडतो आणि माणसं त्याहून जास्त बडबडतात. गुनवोरशी लग्न केलं आणि इकडे ट्रोंडेलागमध्ये, तिच्या वडिलांच्या शेतावर राहायला आलो. शेताचं नाव हाउगन, तेच आडनावही लावलं. थोडक्यात, घरजावई. सासरेबुवा टुर्लाइफ मला पहिल्या दिवसापासून 'जावईबापू' म्हणतात आणि अहोजाहो करतात. त्यात आदर किती हे ज्यानं ऐकलंय त्यालाच ठाऊक.

उतारावर ओढ्याकाठी आमचं भट्टीघर आहे. सात घरांच्या मालकीचं, हिवाळ्याच्या तोंडाशी प्रत्येक घराची पाळी ठरलेली. मोड आलेले जव भोकं पाडलेल्या फळ्यांवर पसरायचे आणि खाली दिवसभर ऑल्डरच्या लाकडांची मंद आग ठेवायची. तो धूर जवात मुरला की बिअरला रंग येतो, चव येते. आमच्या पाळीला लाकडं मी फोडायचो, पाणी मी आणायचो, पिंपं मी घासायचो. आगीला हात लावायचा नाही. एकदा चिमटा नुसता उचलला होता, तर सासरेबुवा म्हणाले, "ठेवा ते जावईबापू, बस नाहीये ही."

यंदा त्यांच्या कमरेनं दगा दिला. उतार सोडा, दारापर्यंत जाणंही जमेना. स्वयंपाकघरातल्या खिडकीशी खुर्ची टाकून ते दिवसभर बसून असतात. तिथून भट्टीघराचं धुराडं दिसतं. एका सकाळी त्यांनी भट्टीघराची किल्ली टेबलावर ठेवली.

"यंदा तुम्ही करा. जमलं तर किल्ली तुमची. नाही जमलं तर आपली पाळी मी सिव्हर्टला देऊन टाकतो. तो कधीपासून मागतोय."

"बघतो," मी म्हणालो. फार उत्साह दाखवला असता तर किल्ली परत खिशात गेली असती. मग गोठ्यात गेलो आणि मनसोक्त नाचलो. या घरात आयुष्य गेलं, पण घरातला माणूस म्हणून कुणी मोजलं नव्हतं. या एका किल्लीत ते सगळं होतं. गाईंनी नाच बघितला, पण त्या बोलत नाहीत.

जव भाजायचा दिवस नेमका रविवारी आला, आणि त्या रविवारी स्कीची रिले होती. आम्ही विरुद्ध स्वीडन. भट्टीघरात रेडिओ नुसता खरखरतो. वर रस्त्यावर उभ्या केलेल्या गाडीत मात्र खणखणीत लागतो. मी ठरवलं, फक्त पहिली फेरी ऐकायची. ऐकली. खाली येऊन बघितलं तर आग छान, जव छान. तेव्हा माझ्या डोक्यात एक हुशारी आली. सारखं खाली यायला नको म्हणून चार जास्तीचे ओंडके टाकून ठेवले.

चौथ्या, म्हणजे शेवटच्या फेरीत आमचा पोरगा आणि स्वीडनवाला खांद्याला खांदा लावून चढणीला लागले. मी स्टिअरिंगवर बुक्क्या मारत होतो. मध्येच हॉर्न वाजला, सिव्हर्टचं कुत्रं भुंकायला लागलं. आम्ही जिंकलो! गाडीतून उडी मारून मी बाहेर आलो, मिठी मारायला कुणी सापडेना, आणि तेवढ्यात वास आला.

मधल्या फळ्यांवरचे जव कोळसा झाले होते. शहाण्या माणसानं ते ओढ्यात फेकले असते. मी विचार केला, बिअर काळीच तर करायचीय, जरा आणखी काळी झाली तर कुणाच्या बापाला कळणार आहे? सगळे एकत्र कालवले. आपलं डोकं किती चालतं, याचं तेव्हा कौतुकही वाटलं.

बिअर तयार झाल्यावर पहिला घोट गुनवोरनं घेतला.

"ऑडमुन, यात टायर टाकलास का रे?"

"धुराची चव आहे गं ती."

"हो, पण घर जळाल्यावर विम्याची माणसं बघायला येतात ना, त्या धुराची. ओतून दे."

"ओतून दिली तर चाखायला काय ठेवू? पाळी जाईल आपली."

"आणि ही ठेवलीस तर राहणार आहे वाटतं?"

तरी ठेवली. मुरली की सुधारेल असं मी स्वतःला रोज सांगत होतो. शनिवारपर्यंत ती मुरली आणि आणखी बिघडली.

सिव्हर्टनंतर वाडगा त्याच्या बायकोकडे, हालदिसकडे गेला. तिनं ओठ ओले केले, विचार केला आणि म्हणाली, "गार आहे, हो." बिचारीनं शोधून शोधून काहीतरी चांगलं काढलं. मागच्या वर्षी सासरेबुवांची बिअर प्यायला बसलेले लोक उठता उठत नव्हते. यंदा हालदिसला ओव्हनमध्ये ठेवलेला पाव आठवला. सिव्हर्टला गाईचं दूध काढायचं आठवलं. त्यानं गाई विकून बरीच वर्षं झाली आहेत. बाकीच्यांनी कारणं शोधायचीही तसदी घेतली नाही. बघता बघता स्वयंपाकघर रिकामं झालं.

राहिलो आम्ही तिघं. गुनवोर भांडी पुसत होती. सासरेबुवा खिडकीशी बसले होते, निकालासाठी मी परत आणून ठेवलेली किल्ली त्यांच्यासमोर टेबलावर होती. घरच्या कर्त्या माणसानं शेवटी प्यायची पद्धत आहे, म्हणून त्यांनी अजून चव घेतली नव्हती.

"आणा तो वाडगा, जावईबापू."

त्यांनी मोठा घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. किल्ली गेली म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले.

"तिसऱ्या फेरीत की चौथ्या?" त्यांनी विचारलं.

कसली फेरी, असं विचारणार होतो. पण त्यांच्या डोळ्यांकडे बघून धीर झाला नाही. "चौथ्या."

"चढणीवर?"

"हो. पण तुम्हाला कसं कळलं?"

"मी पण इथं रेडिओच ऐकत होतो की." त्यांनी हनुवटीनं खिडकीकडे खूण केली. "धूर आधी पांढरा येत होता. मग पिवळट झाला. मग एकदम काळा."

"बाबा! तुम्हाला दिसत होतं? फोन तुमच्या हाताशी होता! मला एक फोन केला असता तर..."

गुनवोरचा भांडी पुसणारा हात थांबला. सासरेबुवांनी वाडग्यात बघितलं. त्यांचे कान लाल झालेले मी आयुष्यात पहिल्यांदा बघितले.

"चौथी फेरी होती," ते हळूच म्हणाले.

"दोघंही एका माळेचे मणी!" गुनवोरनं फडकं आपटलं आणि ती बाहेर निघून गेली. मला हसू आलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेना. धूर गेला डोळ्यांत, असं मी म्हणालो. स्वयंपाकघरात धूर कुठं होता?

सासरेबुवांनी एका बोटानं किल्ली माझ्याकडे सरकवली.

"जमलं तर, असं म्हणाला होतात," मी म्हणालो. "जमलं नाही, बाबा."

"कुठं जमलंय? पण आता सिव्हर्टला कुठल्या तोंडानं पाळी देऊ? निम्मे जव तर मीच जाळले." त्यांनी आणखी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि वाडगा माझ्यापुढे ठेवला. "पी, ऑडमुन. अख्खं पिंप संपवायचंय दोघांना."

मी प्यालो. भयंकर होती.

"आणि पुढच्या वर्षी?" मी विचारलं.

"पुढच्या वर्षी गाडी थेट भट्टीघराच्या दाराशी लाव," ते म्हणाले. "आणि मला आत बसव."